हरलेला डाव लिहून पाठवा

विलासभाऊ,

तुम्ही अमळनेरला गेला होतात की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

धुळ्याला तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, हार घातलेल्या तुमच्या फोटोसमोर, लोक एकेक करून उठत होते. कोणी टेलिफोन खात्यातली तुमची लाइनमनची नोकरी सांगत होतं, कोणी वादळात खांबावर चढून जोडलेल्या तारा, कोणी विहारातल्या वाचनालयासाठी तुम्ही दारोदार फिरून गोळा केलेली पुस्तकं. मी तिसऱ्या रांगेत बसून सगळं ऐकत होते आणि मनात तो एकच प्रश्न टोचत होता. मलाही कोणीतरी बोलायला सांगितलं. मी उठले, “भाऊ आणि मी मिळून पत्त्यांच्या खेळांचा ब्लॉग चालवत होतो,” एवढं एक वाक्य बोलले आणि बसले. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, दुःख आवरत नाहीये. दुःख होतंच. पण त्या घटकेला त्याच्याहून मोठी भीती होती, आणि ती कोणाला सांगता येण्यासारखी नव्हती.

आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं. एका लेखावरून. त्यात मी चिडून तुम्हाला म्हटलं होतं, “एवढंच वाटत असेल तर जा ना स्वतः अमळनेरला, विचारा त्या माणसाला!” आणि फोन ठेवून दिला होता. त्यानंतर अकरा दिवस तुम्ही फोन केला नाही, मीही नाही. बाराव्या दिवशी सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. अंघोळीचं पाणी काढताना तुम्ही खाली बसलात, ते उठलाच नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर मी स्वयंपाकघरात वहिनींजवळ गेले. विचारलं, “वहिनी, भाऊ मधे अमळनेरला गेले होते का?”

“मला सांगून कधी कुठे गेले ते?” वहिनी म्हणाल्या. “मंगळवारी दुपारी निघाले होते कुठेतरी. एवढ्या उन्हात. डोक्याला रुमाल गुंडाळून. संध्याकाळी आले, ते न जेवताच पडून राहिले.”

मंगळवार. आणि तुम्ही गेलात गुरुवारी. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, डांबर चपलेला चिकटतं असलं. वहिनींनी हातात दिलेला पाण्याचा पेला मी तसाच धरून उभी राहिले. मीच पाठवलं की काय तुम्हाला? माझ्या एका वाक्याने?

जळगावला परतताना बसमध्ये मी हाच हिशेब उलटसुलट घालत होते. मंगळवारी अमळनेर नसेलही. धुळ्यातच कोणाकडे गेला असाल. पण रुमाल गुंडाळून? जवळपास जायचं तर तुम्ही रुमाल गुंडाळत नव्हतात, हे मला चांगलं माहीत होतं.

*

तुम्हाला आठवतं का, आपली पहिली भेटही अमळनेरलाच झाली होती. माझ्याबरोबर कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी मैत्रीण, म्हणजे तुमची पुतणी, तिचं लग्न. दुपारची पंगत उठली होती. मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजीवर तुम्ही तिघं जण बसला होतात आणि तुम्ही नुसतेच पत्ते पिसत होतात, कारण चौथा भिडू मिळत नव्हता. मांडवभर नजर फिरवून तुम्ही सरळ माझ्याकडे बघितलंत.

“ताई, मेंढीकोट येतं का?”

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी नाही म्हणणार होते. मला आधी नाहीच म्हणता येतं, हे तुम्ही पुढे हजार वेळा ऐकवलंत. पण खेळ येत होता, आणि खोटं बोलायची भीती जास्त वाटली म्हणून बसले. तुमचीच भिडू झाले. मेंढीकोटात सगळी किंमत चार दश्शींना, हे माहीत असून बदामाची दश्शी मी इतका वेळ हातात दाबून ठेवली की शेवटी विरुद्ध जोडीतल्याने ती हुकमाने कापून नेली. डाव गेला. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, “कशाची वाट बघत होतीस?” तेवढ्या एका डावात ताईची मी ‘तू’ झाले होते.

“भीती वाटली,” मी म्हटलं.

तुम्ही पत्ते खाली ठेवलेत. “हे कोणी सांगत नाही बघ. आतापर्यंत शंभर गावांत खेळलो असेन. जिंकलो कसा ते सगळे सांगतात. हरलो कसा ते विचारलं की पत्ते वाईट आले म्हणतात.”

लाइन दुरुस्त करायला गेलं की जेवणाच्या सुट्टीत गावातल्या माणसांबरोबर एक डाव टाकायचा, ही तुमची नोकरीभरची सवय. कुठे झब्बू, कुठे सात-आठ, कुठे तीनशे चार. एकाच खेळाचे नियम दोन कोसांवर बदलायचे आणि तुम्ही ते वहीत टिपून ठेवायचात. ती वही तुम्ही मला जळगावला आणून दाखवलीत तेव्हा ब्लॉगची कल्पना माझीच होती, हे मात्र मी आजही सोडणार नाही. आणि हे दोघांनी लिहून भागणार नाही, ज्यांना खेळायचा नाद आहे त्यांनाच लिहायला लावू, ही तुमची.

आवाहन तुम्ही सांगितलंत आणि मी टाइप केलं. अजून ते ब्लॉगवर सगळ्यात वर आहे.

‘तुम्ही पत्ते खेळता. घरात, ओट्यावर, लग्नात, गाडीची वाट बघत फलाटावर. पैसे लावून खेळत असाल तर आमच्याकडे येऊ नका. नुसते खेळत असाल तर लिहा. लेखक असायची गरज नाही. जिंकलेला डाव नको, तो दर वर्षी वाढत जातो. हरलेला एक डाव लिहून पाठवा. शुद्धलेखन सुजाता बघेल.’

त्या शेवटच्या वाक्यावर मी केवढी घाबरले होते! कॉलेजात कोणी वाचलं तर? प्राचार्यांच्या कानावर गेलं तर? ग्रंथालयातली बाई पत्त्यांचा अड्डा चालवते! मी म्हटलं, माझं नाव काढा. तुम्ही म्हणालात, “लोकांना त्यांची हार त्यांच्या नावाने लिहायला सांगायचं आणि आपण पदराआड राहायचं, बरं दिसतं का?” नाव राहिलं. त्यानंतर महिनाभर प्राचार्यांनी साधं बोलावलं तरी मी जिन्यातच उत्तरं पाठ करत जायचे.

लेख मात्र येईनात. पहिले अठरा दिवस काहीच नाही. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करता करता मी दर अर्ध्या तासाने मेल उघडून बघायचे. एकोणिसाव्या दिवशी पहिला निरोप आला. मी घाईघाईने उघडला तर कोणीतरी लिहिलं होतं, ‘रमीची लिंक पाठवा.’ तसले आणखी चार आले. मला रडूच आलं. तुम्हाला फोन केला तर तुम्ही पोट धरून हसलात. म्हणालात, “अगं, घरबसल्या आमंत्रण दिल्याने कोणी जेवायला येतं का? हाताला धरून आणावं लागतं. रविवारी फैजपूरला चल.”

*

फैजपूरच्या इंदूअक्का. केळीच्या बागेत त्यांचं घर. तुम्ही वीस वर्षांपूर्वी त्यांच्या दारातला खांब दुरुस्त केला होता, तेवढ्या ओळखीवर आपण जाऊन बसलो. तुम्ही लेखाचं नावच काढलं नाहीत. तासभर झब्बू खेळलो. मी सारखी घड्याळ बघत होते, परतीची बस चुकेल म्हणून. मग पत्ते वाटता वाटता तुम्ही सहज विचारलंत, “अक्का, सगळ्यात जास्त कोणाकडून हरल्या?”

“मह्या जावेकडून,” अक्का म्हणाल्या. “चाळीस वर्सं.”

दुपारी दोघी जावा खेळायच्या आणि हरेल तिने संध्याकाळची भांडी घासायची, असा त्यांचा रिवाज. चाळीस वर्षं भांडी अक्कांनीच घासली. जाऊ वारली तेव्हा तिची पेटी आवरताना लुगड्यांच्या घडीत चार एक्के निघाले.

“मंग काय केलं?” तुम्ही विचारलंत.

“काय करू? हसली. मंग रडली. मंग ते एक्के परत तिच्याच पेटीत ठेवले.”

मी ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि घरी येऊन नीटनेटकं केलं. ‘माझ्या जाऊबाईंची लबाडी त्यांच्या निधनानंतर उघडकीस आली.’ तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, “ही कोण बाई? मी फैजपूरला हिला भेटलो नाही.” आपलं पहिलं भांडण ते. मी म्हणत होते, नागपूरच्या नाहीतर कोकणातल्या वाचकाला बोली कळायला हवी. तुम्ही म्हणत होतात, ज्याची हार त्याचीच भाषा. शेवटी अक्कांचं बोलणं तसंच ठेवलं. छापताना हात जड झाला होता, लोक हसतील म्हणून. लोक हसले, पण जिथे हसायला हवं तिथेच. आणि त्यानंतर खरंच लेख यायला लागले. भडगावच्या शिंप्याचा, चाळीसगावच्या निवृत्त स्टेशनमास्तरांचा, धुळ्याच्या एका परिचारिकेचा. प्रत्येक लेख टाकताना मला वाटायचं, याने कोणीतरी दुखावणार. आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, “तू भिडू चांगली आहेस, फक्त दश्शी धरून बसतेस.”

मग रघुनाथनानांचा लेख आला.

वहीची नऊ पानं, निळ्या शाईत, पोस्टाने तुमच्या पत्त्यावर आलेली; मला तुम्ही त्यांचे फोटो पाठवलेत. अमळनेरच्या तेलाच्या मिलमधून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या घरातले. वर लिहिलं होतं, सगळं खरं आहे म्हणून, ‘मी बठ्ठं खरं लिखेल शे. नावं बदलू नका.’

त्यांच्या गल्लीत गणपतीत मेंढीकोटाची स्पर्धा व्हायची. रघुनाथनाना आणि त्यांचा जिवलग मित्र मधुकर ही जोडी कधी हरत नव्हती. दोघंही एकाच मिलमध्ये, मधुकर वजनकाट्यावर. तीसेक वर्षांपूर्वी मधुकरला दिसायचं कमी झालं. मिलमध्ये कळलं तर घरी बसवतील, म्हणून त्याने फक्त रघुनाथला सांगितलं, आणि रघुनाथ येता-जाता हळूच काट्यावरचा आकडा त्याला सांगून जायचा. त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात हुकूम इस्पिकचा होता. विरुद्ध जोडीतल्याने किलवर उतरलं. मधुकरच्या हातात किलवरची सत्ती होती, पण मांडवातल्या उजेडात ती त्याला इस्पिकची वाटली. आपल्याकडे किलवर नाही असं समजून त्याने हुकमाने कापलं आणि दश्शी उचलली. दोन हातांनंतर तीच सत्ती त्याने हुकूम म्हणून टाकली, आणि सगळा मांडव ओरडला. हातात किलवर असताना हुकमाने कापलं, नियम मोडला, लबाडी केली! ‘मला कारण माहीत होतं,’ रघुनाथनानांनी लिहिलं होतं. ‘पण जोडीला जोडी म्हणून मलाही लबाड ठरवतील, या भीतीने सगळ्यांच्या आधी मीच उठलो आणि मधुकरला लबाड म्हणालो.’ त्या दिवसापासून दोघं बोलले नव्हते. मधुकर त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

तो लेख वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मधुकरआबा हयात. घरात मुलगा, सून. तीस वर्षं जे त्यांनी कोणाला सांगितलं नाही ते आम्ही जगासमोर मांडायचं? कोण विचारणार त्यांना? मी मधुकरचं नाव काढलं, अमळनेर काढलं, डोळ्यांचं सगळं काढलं. ‘एका मित्राशी गैरसमज झाला’ एवढं ठेवलं आणि तुम्हाला न विचारता लेख टाकून दिला.

तुमचा फोन दहा मिनिटांत आला. तुमचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“त्या माणसाला ते नाव लिहायला तीस वर्षं लागली, सुजाता! आणि तू एका बोटाने पुसलंस?”

“ते नाव त्यांचं एकट्याचं नाहीये, भाऊ. दुसऱ्या माणसाचंही आहे.”

“माफी अशी नाव पुसून मागतात का?”

“आणि न विचारता कोणाचं आयुष्य छापतात का?”

“तू भितेस. याचं आणखी कारण नाही.”

हे वाक्य मला लागलं. कारण ते खरं होतं, आणि तरीही माझं म्हणणं चूक नव्हतं. म्हणून मी ते अमळनेरचं बोलले आणि फोन ठेवला. पुढचे अकरा दिवस लेख तसाच राहिला, अर्धवट. रघुनाथनानांचा एकच निरोप आला होता, ‘हाऊ मना लेख नई शे.’ हा माझा लेख नाही. मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर काय द्यायचं ते तुम्हाला विचारायचं होतं. रोज फोन हातात घ्यायचे आणि वाटायचं, तुम्हीच करू दे आधी.

*

तुम्ही गेल्याचं मी ब्लॉगवर चार ओळींत लिहिलं. त्याखाली लोकांनी काय लिहिलं असेल? प्रत्येकाने तुमच्याकडून हरलेला एक डाव. इंदूअक्कांच्या नातीने लिहिलं की अक्का दोन दिवस पत्त्यांना हात लावत नाहीयेत. मी ते वाचत होते आणि मला वाटत होतं, यातल्या कोणाला ठाऊक आहे की भाऊंना उन्हात कोणी धाडलं?

शेवटी पुण्यानुमोदनानंतरच्या रविवारी मी सकाळच्या गाडीने अमळनेरला गेले. रघुनाथनानांकडे जायची हिंमत नव्हती. त्यांच्या मूळ लेखात मधुकरआबांच्या गल्लीचं नाव होतं. विचारत विचारत पोचले. दार उघडं होतं. सुनेने, कविताने, आत बोलावलं. आबा खाटेवर बसले होते, जाड भिंगांचा चष्मा, डोळ्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे.

“कोन शे?”

“मी जळगावहून आले, आबा. सुजाता. विलासभाऊंबरोबर...”

“ती भित्री बाई?” आबा म्हणाले.

म्हणजे तुम्ही आला होतात.

“कधी आले होते भाऊ?”

“मंगळवारी,” कविताने सांगितलं. “दुपारी तीनच्या सुमाराला. किती ऊन होतं! मी म्हटलं, पंख्याखाली बसा, ताक घ्या. ताक घेतलं, पण बसायच्या आधी म्हणाले, मधुकरआबांना एक वाचून दाखवायचंय.”

तुम्ही ती नऊ पानं झेरॉक्स करून नेली होतीत. आबांना सगळं वाचून दाखवलंत. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, तर पुन्हा वाचलंत. मग विचारलंत की हे नावासकट छापू का.

“काय म्हणाले ते माझ्याबद्दल?” हे विचारायला मी तिथे गेले नव्हते, पण तोंडातून तेच निघालं.

आबा हसले. “म्हने, एक बाई शे जळगावनी, भलती भित्री. मी तिच्यावर चिडेल शे. पन ती बोलनी म्हनूनच तुमच्याकडे येवाले सुचनं.”

भाऊ, ही माफी नव्हती, मला माहीत आहे. तुम्ही माझ्यावर चिडलेलेच होतात. चिडलेले असतानाही परक्या घरात बसून तुम्ही माझ्या वाट्याचं मला दिलंत. मी तिथे, दोन अनोळखी माणसांसमोर, तोंडाला ओढणी लावून रडले. कविता घाबरली. ती पाणी आणायला गेली तेव्हा मी आबांना सांगितलं की भाऊ गेले. त्यांना माहीत नव्हतं. खाटेच्या कडेवरून त्यांचा हात नुसता फिरत होता.

“उन्हामुळे झालं असेल का हो?” मी विचारलं. ज्याला विचारायचं त्या डॉक्टरला विचारलं नाही, वहिनींना विचारलं नाही, आणि या आंधळ्या म्हाताऱ्याला विचारत होते.

“ते माले काय माहीत, बेटा,” आबा म्हणाले. “पन जाताना ते खूश व्हतात.”

माझी भीती तेवढ्याने गेली नाही. अजूनही दुपारी रस्त्यावर रुमाल गुंडाळलेला कोणी म्हातारा दिसला की मी थांबते. नंतर धीर करून वहिनींना सगळं सांगितलं, भांडणासकट. त्या म्हणाल्या, “ते तीस वर्षं खांबावर चढत होते. तेव्हा त्यांना कोणी पाठवत होतं का? चल, जेवून घे.” त्यांनी मला दोष दिला असता तर कदाचित बरं वाटलं असतं.

पण आबांचं अजून सांगायचं राहिलं आहे. नावासकट छापायला तुम्हाला त्यांनी हो म्हटलं होतं, पण एका अटीवर. लेखात एक गोष्ट चुकीची आहे, आणि ती दुरुस्त करणारा आपलाही लेख त्याच्याखाली यायला हवा. तो लिहून घ्यायला तुम्ही पुढच्या मंगळवारी येणार होतात.

मी पर्समधून वही काढली. “मी लिहून घेऊ?”

आबा सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यांच्याच बोलीत, एक शब्द न बदलता, तुम्ही असतात तर लिहिलं असतंत तसं. रघुनाथ त्या दिवशी ओरडला, तो भीतीने ओरडला असं तो लिहितो. आबांच्या मते तसं नव्हतंच. मांडवात त्याच वेळी मिलचे साहेब बसले होते. रघुनाथ गप्प राहिला असता तर कोणीतरी विचारलं असतं की मधुकरसारख्या खेळाडूची अशी चूक झाली कशी. मग डोळ्यांचं निघालं असतं. तो लबाड म्हणून ओरडला, सगळ्यांना लबाडी पटली, आणि डोळ्यांचं कोणाच्या मनातही आलं नाही.

“तो वरडना म्हनूनशान मनी नोकरी राह्यनी,” आबा म्हणाले. “आखो चार वर्सं. पोरगीनं लगीन व्हयनं त्याच्यात.”

आणखी चार वर्षं! मी लिहिता लिहिता थांबले. “मग तुम्ही त्यांच्याशी बोलणं का बंद केलं?”

“मी कोठे बंद करं? तोच तोंड लपाडीसन फिरे.” त्यांनी दाराकडे तोंड वळवलं. “माले वाटे, आज येई, उद्या येई.”

दोन गल्ल्या, भाऊ. तीस वर्षं एक जण तोंड लपवून फिरतोय आणि दुसरा वाट बघतोय. दोघांच्या मधे आपला तो अर्धवट कापलेला लेख, जो मी टाकला होता.

मी आबांना म्हटलं, आत्ता जाऊन रघुनाथनानांना घेऊन येते. त्यांनी हात वर केला. “नको. त्याले वाचू दे आधी. लिखेल तर त्यानं शे ना? मंग वाचीसनच येवो.”

जळगावला आल्यावर मी दोन्ही लेख एकाखाली एक लावले. सगळी नावं, सगळी बोली, गल्लीच्या नावासकट. प्रकाशित करायच्या बटणावर बोट ठेवून मी किती वेळ बसले असेन कोण जाणे. घाबरले होते, खूप. तुम्ही असतात तर ओरडला असतात, टाक की! कोणी ओरडलं नाही. मी बटण दाबलं आणि उठून उगीचच भांड्यांचं कपाट आवरायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं मांडत होते तेव्हा कविताचा फोन आला. आवाज घाबरलेला. माझ्या हातातली पुस्तकं खाली पडली. मला वाटलं, आबांना काही झालं.

“ताई, रघुनाथनाना आलेत,” ती म्हणाली. “तासभर झाला. आधी दारातच उभे होते, आत येईनात. आबांनी आवाजावरून ओळखलं. मग आत आले. मला वाटलं रडतील, बोलतील. पण ताई, दोघं भांडताहेत हो. एवढ्या मोठ्यांदा, की शेजारचे येऊन बघताहेत.”

“कशावरून?”

“नाना म्हणताहेत, मी लबाडच होतो, तू मला उगीच चांगला करू नको. आणि आबा म्हणताहेत, तू नव्हताच लबाड, तुला तुझंच कळत नाही. कोणी ऐकेचना! आबांचं बीपी वाढेल, मला भीती वाटतेय. काय करू?”

तिच्या मागून दोन म्हाताऱ्यांचे आवाज येत होते. एकमेकांवर चढणारे, एकमेकांना बोलू न देणारे. एक जण टेबलावर हात आपटत होता.

“चहा ठेव,” मी म्हटलं. “आणि भांडू दे.”